पोटाचा सीटी नॉर्मल म्हणजे आतडे तपासून झाले असे नाही: सीटी कोलोनोग्राफी की कोलोनोस्कोपी?

प्रश्न: वय ५२. पोटाचा काही त्रास नाही, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला नाही. आमच्या फिजिशियननी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी एकदा कोलोनोस्कोपी करून घ्या असे सांगितले, पण दुर्बिणीची धास्ती वाटते. गेल्या वर्षी मूतखड्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन झाला होता, तो नॉर्मल होता. तेवढे पुरेसे नाही का? नसेल तर पुन्हा सीटी करून कोलोनोस्कोपी टाळता येईल का?

उत्तर: आधी गेल्या वर्षीच्या सीटीचा विषय संपवू. तो पुरेसा नाही. मूतखड्यासाठीचा सीटी बहुतेक वेळा कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारे औषध) न देता करतात आणि त्यात मोठे आतडे ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत दिसते. काही भाग मिटलेला असतो, काही भागात मल असतो, कुठे थोडा वायू असतो. अशा आतड्यात दीड सेंटिमीटरचा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला उंचवटा) आणि मलाचा खडा यांत फरक करता येत नाही, आणि मिटलेल्या भागात त्याहून मोठी गाठसुद्धा नुसती जाड भिंत म्हणून सुटून जाऊ शकते. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या पोटाच्या सीटीलाही हेच लागू. रिपोर्टमध्ये आतडी नॉर्मल असल्याची जी ओळ असते, तिचा अर्थ एवढाच की अडथळा, मोठी सूज किंवा ठळक गाठ दिसली नाही. सोनोग्राफी तर या कामाची नाहीच. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीईए नावाची रक्ततपासणी घातलेली असते. तीही स्क्रीनिंगची, म्हणजे त्रास नसताना कॅन्सर हुडकण्याची, तपासणी नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मल येते आणि सिगारेट ओढणाऱ्यांत उगीच वाढलेली दिसते.

आतड्यासाठी जो सीटी करतात तो वेगळा. त्याला सीटी कोलोनोग्राफी किंवा व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी म्हणतात. १९९४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड व्हायनिंग यांनी ही पद्धत पहिल्यांदा मांडली. यात आतडे रिकामे करतात, उरलेला मल कॉन्ट्रास्टने रंगवतात, आतड्यात वायू भरून ते फुगवतात आणि मग पाठीवर व पोटावर अशा दोन स्थितींत पातळ स्लाइसचा, कमी किरणांचा सीटी घेतात. या चारांपैकी एक गोष्ट जरी राहिली तरी उरतो तो साधा पोटाचा सीटीच, बिलावर नाव काहीही असो.

आता खरा प्रश्न. सीटी कोलोनोग्राफी कोलोनोस्कोपीची जागा घेऊ शकते का? तुमच्यासारख्या, त्रास नसलेल्या आणि सरासरी धोका असलेल्या माणसात मोठे पॉलिप शोधण्यापुरती ती कोलोनोस्कोपीच्या जवळ जाते. पण ती फक्त बघते. पॉलिप काढायचा तर दुर्बीण घालावीच लागते. म्हणून निवड करताना मशिनची तुलना करत बसण्यापेक्षा तुमच्या गावात यांतले काय नीट होते आणि काही सापडले तर पुढे जायची तुमची तयारी आहे का, हे आधी बघा.

पॉलिपच्या आकारावर सगळे गणित उभे आहे. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अ‍ॅडिनोमा जातीच्या पॉलिपमधून, साधारण दहा किंवा त्याहून जास्त वर्षांत तयार होतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान पॉलिपमध्ये कॅन्सर सापडणे अत्यंत दुर्मीळ आहे. १० मिलिमीटरच्या पुढे धोका ठळकपणे वाढतो. मधला ६ ते ९ मिलिमीटरचा पट्टा वादाचा. असे पॉलिप न काढता सरासरी सव्वादोन वर्षांनी सीटीने पुन्हा मोजले तेव्हा सुमारे २२ टक्के वाढले, निम्मे तसेच राहिले आणि २८ टक्के लहान झाले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. म्हणून सीटी कोलोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ५ मिलिमीटरपर्यंतचे पॉलिप मुद्दामच लिहीत नाहीत. ते नेमके ओळखता येत नाहीत, आणि लिहिले तर जवळपास प्रत्येकाला दुर्बिणीसाठी पाठवावे लागेल. हे ऐकून काही जण अस्वस्थ होतात. ज्याला शरीरात पॉलिप राहिला ही कल्पनाच सहन होणार नाही, त्याने सरळ कोलोनोस्कोपी करावी.

मोठ्या अभ्यासांचे आकडे असे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत त्रास नसलेल्या १,२३३ जणांच्या दोन्ही तपासण्या एकाच दिवशी झाल्या. १० मिलिमीटर किंवा मोठ्या अ‍ॅडिनोमासाठी सीटीची पकड, म्हणजे असलेल्यांपैकी किती ओळखले ते प्रमाण, ९३.८ टक्के होती. सीटीचा निकाल कळण्याआधीच्या कोलोनोस्कोपीची ८७.५ टक्के. इतके चांगले निकाल सगळीकडे मिळाले नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या १५ केंद्रांचा, अडीच हजारांवर लोकांचा अभ्यास आला, त्यात १० मिलिमीटरच्या पुढे पकड ९० टक्के आणि ६ मिलिमीटरच्या पुढे ७८ टक्के भरली. दहा मिलिमीटरची मर्यादा धरली तरी मोठा पॉलिप नसलेल्या शंभरांतल्या चौदा जणांना सीटीने आहे असे सांगितले, आणि ही चूक शेवटी दुर्बिणीनेच निस्तरावी लागते.

कोलोनोस्कोपीही चुकते, आणि हे रुग्णाला क्वचितच कुणी सांगते. एकाच माणसाची पाठोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी केलेल्या अभ्यासांत पहिल्या खेपेला सुमारे २२ टक्के पॉलिप सुटले होते. त्यांतले बहुतेक लहान होते. १० मिलिमीटरच्या वरचे सुमारे २ टक्केच सुटले. आतड्याच्या भिंतीवरच्या पटाच्या (घडीच्या) पाठीमागच्या बाजूला, वळणावर आणि उजवीकडच्या आतड्यात ते सुटतात. सीटीवर पटाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे दोन्ही तपासण्यांचे आंधळे कोपरे वेगवेगळे आहेत. सीटीचा कच्चा दुवा म्हणजे सपाट पॉलिप, विशेषतः उजव्या बाजूचे सेरेटेड (सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखे दातेरी दिसणारे) जातीचे. नेदरलँड्समधल्या कोकोस अभ्यासात जास्त धोक्याचे सेरेटेड पॉलिप सीटीने ०.८ टक्के लोकांत शोधले आणि कोलोनोस्कोपीने ४.३ टक्के लोकांत. हा फरक लहान नाही.

त्याच कोकोस अभ्यासातली दुसरी बाजूही बघा. आमंत्रण दिल्यावर कोलोनोस्कोपीसाठी २२ टक्के लोक आले, सीटीसाठी ३४ टक्के. आलेल्या दर शंभरांत पुढच्या टप्प्यातले (मोठे किंवा जास्त बिघडलेल्या पेशींचे) पॉलिप किंवा कॅन्सर कोलोनोस्कोपीने ८.७ जणांत आणि सीटीने ६.१ जणांत सापडले. आमंत्रितांच्या हिशेबाने मात्र दोन्ही जवळपास सारखे, १.९ आणि २.१. भीतीपोटी कोलोनोस्कोपी दहा वर्षे पुढे ढकलणाऱ्याला सीटी जास्त उपयोगी, असा याचा साधा अर्थ.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये प्रत्येकी तीन हजारांहून थोड्या जास्त लोकांचे दोन गट, एक सीटीने आणि एक कोलोनोस्कोपीने, तपासले गेले. निकाल २००७ मध्ये आले. पुढच्या टप्प्यातले पॉलिप आणि कॅन्सर दोन्ही गटांत जवळपास सारखे, ३.२ आणि ३.४ टक्के, सापडले. तेवढ्यासाठी सीटीच्या गटात ५६१ पॉलिप काढावे लागले आणि कोलोनोस्कोपीच्या गटात २,४३४. आतड्याला भोक पडण्याच्या सात घटना कोलोनोस्कोपीच्या गटात झाल्या, सीटीच्या गटात एकही नाही. सीटी गटातल्या सुमारे ८ टक्के लोकांनाच पुढे कोलोनोस्कोपी लागली.

धोक्यांचे प्रमाण डोळ्यांसमोर असावे. स्क्रीनिंगच्या कोलोनोस्कोपीत भोक पडण्याचे प्रमाण दर दहा हजारांत सुमारे ३ आणि दखल घ्यावी लागेल अशा रक्तस्रावाचे सुमारे १५. मोठा पॉलिप काढला तर दोन्ही वाढतात. शिवाय गुंगीच्या औषधाचा धोका वेगळा, हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या रुग्णात जास्त. सीटीमध्ये भोक पडणे त्याहून विरळ, पण अशक्य नाही. किरणांचा डोस कमी ठेवला तर साधारण ५ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. निसर्गातून आपल्याला दरवर्षी जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. बावन्नाव्या वर्षी पाच वर्षांतून एकदा एवढ्या डोसला घाबरून तपासणी टाळू नये. तिशीतल्या माणसाला वारंवार सीटी करण्याचा विचार मात्र चुकीचा.

सीटीमध्ये आतड्याबाहेरचेही सगळे दिसते: मूत्रपिंडाची गाठ, महाधमनीचा फुगवटा, यकृतातल्या पाणथळ गाठी, फुप्फुसाच्या तळाचा ठिपका. कधी यातून एखाद्याचा जीव वाचतो. पण बहुतेक वेळा निरुपद्रवी गोष्टीसाठी आणखी सोनोग्राफी, आणखी एमआरआय, आणि महिनाभराची काळजी. हे आधी माहीत असावे.

आता सीटी कोलोनोग्राफी नीट कशी होते ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे गडबड इथेच होते. दोन दिवस आधीपासून चोथा नसलेले जेवण. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ आणि जुलाबाचे औषध. त्याच संध्याकाळी मल रंगवण्यासाठी पातळ बेरियम, आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट किंवा दोन्ही पाजतात. बेरियम घट्ट मलात शिरते, आयोडीन उरलेल्या पाण्यात मिसळते. सीटीवर दोन्ही पांढरे दिसतात आणि पॉलिप राखाडी, त्यामुळे पाण्याखाली बुडालेला पॉलिपसुद्धा उठून दिसतो. रंगवण्याचा टप्पा वगळला की वाचणाऱ्याला मल आणि पॉलिप यांत अंदाजच करावा लागतो. आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची पूर्वी तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर ते आधी सांगा.

टेबलावर गुदद्वारातून बोटापेक्षा बारीक, मऊ नळी घालतात. तिच्या टोकाला छोटा फुगा असतो. तिच्यातून मशिन कार्बन डायऑक्साइड सोडते, दाब २० ते २५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवून. एकूण तीन-चार लिटर वायू सहज लागतो, कारण काही लहान आतड्यात निसटतो आणि काही शोषला जातो. काही ठिकाणी अजून रबरी पंपाने साधी हवा भरतात. तेही चालते, पण दाब हातावर अवलंबून राहतो आणि हवा शोषली जात नसल्याने नंतर पोट तासन्‌तास दुखते. कार्बन डायऑक्साइड रक्तात शिरून श्वासावाटे निघून जातो. आतड्याची हालचाल थांबवायला काही केंद्रे हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, म्हणजे बस्कोपॅन, २० मिलिग्रॅम शिरेतून देतात. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते देत नाहीत. भूल नाही, गुंगी नाही. पोट तट्ट फुगल्यासारखे वाटते आणि शौचाची घाई झाल्यासारखी भावना होते, ती स्कॅन संपल्यावर ओसरते. टेबलावरचा वेळ पंधरा-वीस मिनिटे. गाडी चालवत घरी जाता येते.

पहिल्या स्थितीनंतर टेक्निशियनने तिथेच चित्र बघून सगळे आतडे फुगले आहे की नाही ते तपासायला हवे. सर्वात हट्टी भाग सिग्मॉइड, म्हणजे डावीकडचे नागमोडी आतडे. तिथे डायव्हर्टिक्युला (भिंतीतले छोटे फुगवटे) असले की भिंत जाड आणि आखडलेली असते आणि ते उघडत नाही. दोन्ही स्थितींत एखादा भाग मिटलेलाच राहिला, तर तो भाग तपासलाच गेला नाही असे समजायचे. उपाय साधा आहे: रुग्णाला उजव्या कुशीवर वळवायचे, डावीकडचे आतडे वर येते आणि वायू तिकडे जातो. या तिसऱ्या स्थितीला पाच मिनिटे लागतात आणि गर्दीच्या केंद्रात नेमकी तीच गाळली जाते. गुदाशयातही एक फसगत असते. नळीचा फुगा भिंतीवर दाबून बसतो आणि त्याच्या आड खालची गाठ झाकली जाते. म्हणून दुसऱ्या स्थितीत फुगा सोडून स्कॅन करतात, आणि नळी घालण्याआधी डॉक्टरने बोटाने तपासणी करणे आवश्यक आहे. भारतात गुदाशयाचे कॅन्सर प्रमाणाने जास्त दिसतात, त्यामुळे ही बोटाची तपासणी टाळू देऊ नका.

वाचन हे स्कॅनपेक्षा अवघड काम. स्लाइस सव्वा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हव्या. वाचणारा आतड्याच्या आतून प्रवास केल्यासारखे त्रिमितीय चित्र दोन्ही दिशांनी बघतो आणि संशय आला की सपाट चित्रावर खात्री करतो. संशयित उंचवट्याच्या आत वायूचे बुडबुडे असले तर मल. चरबीइतकी कमी घनता असेल तर लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी असलेली चरबीयुक्त झडप. स्थिती बदलल्यावर जागा सोडली तर बहुधा मल, पण देठावरचा पॉलिपही सरकतो, त्यामुळे हा नियम आंधळेपणाने लावायचा नसतो. ज्याने शेकड्याने केस कोलोनोस्कोपीच्या निकालाशी ताडून वाचल्या आहेत, त्याच्या आणि महिन्यातून एखादी वाचणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये फार अंतर असते.

म्हणून केंद्राला फोन करून सरळ विचारा. मल रंगवायला काय देता? वायू मशिनने भरता की हाताने? दोन स्थितींत स्कॅन करता ना? कोण वाचते आणि महिन्याला किती होतात? रिपोर्टमध्ये सी-रॅड्सची (या तपासणीचा निकाल लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीची) श्रेणी देता का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर तिथे करू नका. सी-रॅड्समध्ये सी-० म्हणजे तपासणी अपुरी, सी-१ म्हणजे ६ मिलिमीटरच्या पुढे काही नाही, सी-२ म्हणजे ६ ते ९ मिलिमीटरचे तीनपेक्षा कमी पॉलिप, सी-३ म्हणजे १० मिलिमीटरचा एक तरी किंवा लहान तीन आणि अधिक, सी-४ म्हणजे कॅन्सरसारखी गाठ. सी-३ आणि सी-४ ला कोलोनोस्कोपी हवीच. सी-२ ला तीन वर्षांनी पुन्हा सीटी किंवा आत्ताच कोलोनोस्कोपी, दोन्ही मान्य आहेत. बावन्नाव्या वर्षी तब्येत धडधाकट असेल तर मी आत्ताच काढून टाकायच्या बाजूचा आहे.

कोलोनोस्कोपीचा दर्जा तपासायलाही खुणा आहेत. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली पाहिजे आणि रिपोर्टमध्ये अपेंडिक्सच्या तोंडाचा व झडपेचा फोटो असला पाहिजे. तपासणी खरी होते ती दुर्बीण मागे घेताना. पॉलिप नसलेल्या आतड्यात मागे यायला निदान ६ मिनिटे हवीत असे वर्षानुवर्षे मानले जाई. २०२४ च्या अमेरिकी निकषांत ते ८ झाले. स्वच्छतेचा बॉस्टन स्कोअर लिहिलेला असावा: आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण, आणि प्रत्येक भागाला किमान २. डॉक्टरला किती टक्के लोकांत अ‍ॅडिनोमा सापडतात हा सर्वात महत्त्वाचा आकडा. तो एका टक्क्याने वाढला की पुढे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात होणाऱ्या कॅन्सरचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी कमी होतो, हे अमेरिकेतल्या २०१४ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. भारतात अ‍ॅडिनोमाचे एकूण प्रमाणच कमी असल्याने तिकडचे उद्दिष्ट इथे जसेच्या तसे लावता येत नाही, पण हा हिशेब ठेवणारा डॉक्टर न ठेवणाऱ्यापेक्षा बरा.

तयारी बिघडली की दोन्ही तपासण्या वाया जातात, आणि आपल्या जेवणात तयारी बिघडवणारे पुष्कळ आहे. तीन ते पाच दिवस आधी बिया आणि साली बंद: पेरू, टोमॅटो, वांगे, भेंडी, काकडी, तीळ, जवसाची आणि कारळ्याची चटणी, शेंगदाण्याचे कूट, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, ज्वारी-बाजरीची भाकरी. तिळाचा एक दाणा दुर्बिणीच्या शोषनळीत अडकून बसतो आणि मधेच काम थांबते. चालते ते म्हणजे मऊ भात, गाळलेले वरण, दही, ताक, पांढरा ब्रेड, रव्याची खीर, अंडे, मासे. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर मल काळा आणि चिकट होतो. आदल्या दिवशी शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, कोरा चहा, गाळलेली पेज. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस नको. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.

कोलोनोस्कोपीसाठी बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन लिटर पाण्यात देतात. ती दोन भागांत घ्या: अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी, आणि निदान दोन तास आधी पिणे पूर्ण बंद. पहाटे उठायचा कंटाळा म्हणून सगळी आदल्या रात्रीच संपवली तर लहान आतड्यातून उतरलेला चिकट, पित्ताचा थर सकाळपर्यंत उजव्या आतड्यावर बसतो, आणि सपाट सेरेटेड पॉलिप नेमके तिथेच असतात. शेवटी येणारे पाणी पिवळसर आणि तळ दिसेल इतके स्वच्छ हवे. तपकिरी, गढूळ येत असेल तर निघण्याआधी फोन करा. जुनी बद्धकोष्ठता असणाऱ्यांना आणि मधुमेहींना हे प्रमाण पुरत नाही. त्यांनी आधीच सांगून वाढवून घ्यावे. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे वेळापत्रक लेखी मागा. ‘फ्लोझिन’ने शेवट होणाऱ्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. अ‍ॅस्पिरिन सहसा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन वगैरे हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका, विशेषतः स्टेंट टाकून वर्ष झाले नसेल तर. सीटीसाठी रक्त पातळ करणारी औषधे थांबवावी लागत नाहीत, हा तिचा मोठा फायदा.

जुलाबाचे औषध सीटीमध्ये टळते असा समज आहे, तो काढून टाका. या दोन तपासण्यांत लोकांना सर्वात नकोसा वाटणारा भाग म्हणजे ते जुलाब, आणि ते दोन्हीकडे आहेत.

कुणी सीटीचा विचारच करू नये, हे ठामपणे सांगायला हवे. ज्याला शौचावाटे रक्त जाते, कारण न कळता हिमोग्लोबिन आणि लोह कमी झाले आहे, शौचाची सवय काही आठवड्यांत बदलली आहे, वजन उतरले आहे, त्याच्यासाठी हा स्क्रीनिंगचा विषय राहत नाही. तिथे दुर्बीण आणि बायोप्सीच हवी. आपल्याकडे रक्त गेले की मूळव्याध म्हणून महिनोन्‌महिने मलम, चूर्ण आणि काढे चालतात, आणि मूळव्याध खरोखर असतेही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असे थोडेच आहे! मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या या कॅन्सरच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतच निघाले आहे, त्यामुळे चाळिशीचा आहे म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नये. उजव्या बाजूची जाड भिंत सीटीवर दिसली तर भारतात टीबीही डोक्यात ठेवावा लागतो, आणि कॅन्सर की टीबी हे तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

ज्याच्या आई-वडिलांना किंवा भावंडाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला, त्याने चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करावी आणि दर पाच वर्षांनी करावी. लिंच सिंड्रोम (या कॅन्सरचा आनुवंशिक धोका), अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याची जुनाट सूज) असलेल्यांना सीटी नाही. मलातले लपलेले रक्त शोधणारी फिट तपासणी पॉझिटिव्ह आली असेल तर पुढची पायरी कोलोनोस्कोपी. फिट पुन्हा करून ती निगेटिव्ह येण्याची वाट बघणे धोक्याचे आहे. आतड्याला तीव्र सूज, डायव्हर्टिक्युलायटिस (त्या छोट्या फुगवट्यांची सूज), नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांतही सीटी कोलोनोग्राफी टाळतात.

उलट सीटी जिथे खरोखर कामाची, तेही नेमके आहे. कोलोनोस्कोपी अर्धवट राहिली, दुर्बीण वळणापुढे गेली नाही, तर उरलेल्या भागासाठी सीटी कोलोनोग्राफी हीच योग्य तपासणी. मोठा पॉलिप किंवा खोल तुकडा काढलेला नसेल तर कधी त्याच दिवशी होते, नाहीतर साधारण दोन आठवडे थांबतात. गुंगी धोक्याची असलेला हृदय किंवा फुप्फुसाचा रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधे थांबवता न येणारा, आणि समजावूनही दुर्बिणीला तयार नसलेला माणूस, हे बाकीचे. इंग्लंडच्या सरकारी स्क्रीनिंगमध्येही फिट पॉझिटिव्ह आलेल्याला कोलोनोस्कोपी झेपणार नसेल तेव्हाच सीटी देतात. अमेरिकेत २०२१ च्या राष्ट्रीय शिफारशींत ४५ ते ७५ वयासाठी दर दहा वर्षांनी कोलोनोस्कोपी, दर पाच वर्षांनी सीटी कोलोनोग्राफी आणि दरवर्षी फिट हे सगळे पर्याय आहेत, आणि १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, स्क्रीनिंगच्या सीटी कोलोनोग्राफीचा खर्च मिळतो. भारतात सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची तपासणी आहे. आतड्याचा खर्च स्वतःचा. त्यामुळे दर सांगताना पॉलिप काढणे, भूल आणि बायोप्सी धरली आहे का ते आधीच विचारा. सीटी स्वस्त पडली तरी त्यात काही सापडले तर दुसरी तपासणी आणि दुसरी तयारी यांचाही खर्च येतो.

तुमच्या बाबतीत माझे मत असे. चांगले एंडोस्कोपी केंद्र हाताशी असेल तर कोलोनोस्कोपीच करा. भीती बहुधा दुखण्याची आणि लाजेची असते. गुंगीत बहुतेकांना काही आठवत नाही, अंगावर झाकण असते, आणि अर्ध्या-पाऊण तासात काम संपते. पॉलिप सापडला तर तिथेच निघतो: १० मिलिमीटरच्या आतला सहसा करंट न लावता थंड तारेच्या फासाने. त्या दिवशी सोबत माणूस लागेल आणि २४ तास गाडी चालवायची नाही. एवढे ऐकूनही मन होत नसेल, तर आधी फिट करा. ती घरी होते, खाण्याचे पथ्य नाही, आणि दरवर्षी केली तरच तिला अर्थ आहे. पॉझिटिव्ह आली तर दुर्बीण करायचीच, हे आज ठरवून ठेवा. वरच्या प्रश्नांना नीट उत्तरे देणारे सीटी केंद्र सापडले तर सीटी कोलोनोग्राफीही चालेल, दर पाच वर्षांनी, याच अटीवर.

कोलोनोस्कोपीत पॉलिप काढला तर पुढचे चौदा दिवस उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाकडे लक्ष ठेवा. लांबचा प्रवास त्या काळात नको. पोट कडक होऊन दुखणे, ताप, शौचावाटे भरपूर ताजे रक्त, यांतले काहीही झाले तर रात्र असली तरी तपासणी झालेल्या रुग्णालयात जा. बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्याभरात मिळतो, तो आठवणीने आणा, कारण पुढची तारीख त्यावर ठरते. काहीच सापडले नाही तर दहा वर्षे. १० मिलिमीटरच्या आतले एक-दोन साधे अ‍ॅडिनोमा असतील तर सात ते दहा वर्षे, तीन-चार असतील तर तीन ते पाच, आणि पाच ते दहा असतील, एखादा १० मिलिमीटर किंवा मोठा असेल किंवा त्यात जास्त बिघडलेल्या पेशी असतील तर तीन वर्षे. तयारी अपुरी म्हणून तपासणी नीट झाली नसेल तर यांतले काहीच लागू होत नाही, ती वर्षभराच्या आत पुन्हा करावी लागते.